चालक कोण?

आमच्या घरात पहिली चारचाकी आली ती २०२१ साली. २०१५ चे मॉडेल, जुनीच गाडी. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लच दाबणे जमत नव्हते, म्हणून बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी गाडी बघितली. पतपेढीचे कर्ज काढले. हौस म्हणून नव्हे, तर ताईचे डायलिसिस सुरू झाले होते म्हणून. आठवड्यातून दोनदा कल्याण पूर्वेहून पत्रीपूल ओलांडून पश्चिमेला जायचे आणि चार-पाच तासांनी परत यायचे. डायलिसिस झालेल्या माणसाला भर पावसात रिक्षाची वाट पाहत उभे करणे काय असते, ते ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच कळेल.

गाडी बहुतेक वेळा भाचाच चालवी. ताईचा एकुलता एक मुलगा, वय बावीस. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला आणि डोंबिवली एमआयडीसीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेला.

२०२४ च्या जूनमध्ये गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. चालता चालता मध्येच गिअरचा आकडा लुकलुके, इंजिन नुसते घुमे आणि गाडी पुढे सरकत नसे. कधी एबीएसचा दिवा लागे, कधी इंजिनाचा. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की जणू काही झालेच नाही! गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलासारखी वागे. मेकॅनिकने आधी ब्रेकलाइटचा स्विच बदलला, कारण या गाड्यांत ब्रेक दाबल्याचा इशारा कॉम्प्युटरला मिळाला नाही तर गिअर पडत नाही. मग बॅटरी बदलली. दरवेळी स्कॅनर लावून तो कोड पुसून टाकी आणि म्हणे, "आता बघा चालवून." शेवटी म्हणाला, "गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गेलाय. बेचाळीस हजार लागतील." माझ्या पगारात बेचाळीस हजार म्हणजे धाकटीची वर्षाची फी आणि वर घरखर्च.

त्याच सुमारास भाचा एकदा म्हणाला होता, "मामा, मला वाटतं कुठंतरी अर्थ सुटतोय. मी मीटर आणून बघू का?"

मी म्हणालो, "घरातला बोर्ड वेगळा आणि गाडी वेगळी. तू हळू चालवायला शिक आधी."

५ जुलैचा शुक्रवार. संध्याकाळी धो धो पाऊस. ताईला घेऊन येताना पत्रीपुलाच्या चढावर गाडी थांबली. मागे हॉर्नचा गदारोळ, आणि ताई मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली. लोकांनी ढकलून गाडी कडेला घेतली. भाच्याचा फोन आल्यावर मी रिक्षाने पोहोचलो आणि पोहोचताक्षणी त्याच्यावर ओरडलो. "रेस करतोस, खड्ड्यात आपटतोस, गाडीची वाट लावलीस. आईची तरी काळजी कर!" हे सगळे त्याच्या आईदेखत. तो काहीच बोलला नाही. ताई तेवढी म्हणाली, "अरे, त्याच्या अंगावर कशाला ओरडतोस?"

त्या दिवसापासून ताईला आम्ही रिक्षाने नेऊ लागलो. भाचा कामापुरते बोलू लागला.

मी बी. कॉम. झालेला, कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसणारा माणूस. तेरीज जुळत नसेल तर आम्ही टेबलावर हात आपटत नाही, नोंदी तपासतो. पण घरच्या बाबतीत हे मला सुचायला एक रात्र जावी लागली. ६ जुलैला मी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले : तारीख, वेळ, ऊन की पाऊस, गाडी चालू करून किती मिनिटे झाली, हेडलाइट, वायपर, पंखा, रस्ता कसा, नेमके काय झाले, पुन्हा कशी सुरू झाली. आणि शेवटचा रकाना : चालक कोण.

खरे सांगतो, तो शेवटचा रकाना मी भाच्याला पकडण्यासाठी आखला होता.

दोष सापडायचा तर गाडी रस्त्यावर हवी. म्हणून भाच्याने ती सकाळी कामावर न्यायची आणि दुपारी आणायची, मी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर बाजाराची, वस्तीतली कामे तिच्यावर करायची, असे ठरले. दोष न येता फेरी झाली तरी नोंद करायचीच. ११ ऑगस्टच्या रविवारी मी बेरीज मारली. एकूण फेऱ्या ६१. भाच्याच्या ४०, माझ्या २१. गाडी अडली ११ वेळा. भाच्याच्या हातून ६, माझ्या हातून ५.

आता बी. कॉम. झालेल्या माणसाने काय करावे? टक्केवारी काढावी. त्याची पडली १५ टक्के आणि माझी जवळजवळ २४! हळू चालवणारा, अनुभवी, शहाणा मामा भाच्याहून पुढे. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो.

मग मधले रकाने वाचले. माझ्या फेऱ्या अंधाराच्या, म्हणजे दिवे लागलेले. माझे पाचही प्रसंग तसलेच. भाच्याच्या सहापैकी पाच प्रसंग अंधारून आलेल्या पावसाळी सकाळचे, हेडलाइट आणि वायपर चालू. सहावा कोरड्या दुपारचा, पण पंखा पूर्ण सोडलेला आणि रस्ता खड्ड्यांचा. काहीच चालू नसताना गाडी एकदाही अडली नव्हती. दोष हाताचा नव्हता, विजेच्या ओझ्याचा होता.

मी भाच्याला हाक मारली आणि वही त्याच्यापुढे ठेवली. "माझं चुकलं. तुझ्या आईसमोर बोललो, तसं आता तिच्यासमोरच सांगतो, माझं चुकलं. तू अर्थ म्हणाला होतास. बघ तुझ्या मीटरने." ताई खाटेवरून बघत होती. त्याने वही शेवटपर्यंत वाचली आणि मग विचारले, "मामा, सेल्फ कधी जड मारला का?" मी म्हणालो, "नाही, एका झटक्यात लागते." तो म्हणाला, "मग बॅटरी चांगली आहे. बॅटरीची मायनस केबल आपल्या गाडीत दोन फाट्यांनी जाते, एक गिअरबॉक्सला, एक बॉडीला. सेल्फचा करंट गिअरबॉक्सच्या फाट्याने परत येतो. दिवे, वायपर, पंखा, कॉम्प्युटर, सगळ्यांचा बॉडीच्या फाट्याने. तो फाटा बघू."

तोवर त्याने कामावरच्या एका मित्राकडून मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात तो बसतो. या वेळी कोड पुसायचे नाहीत, आधी वाचून वहीत उतरवायचे, असे आम्ही ठरवले. तीन कोड निघाले. पी ०७००, म्हणजे गिअरच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे. हा कोड गिअरबॉक्स मेला असे सांगत नाही, फक्त पुढे चौकशी करा म्हणतो. यू ०१०१, म्हणजे गिअरच्या कॉम्प्युटरशी बोलणे तुटले. आणि पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी पडले. कचेरीत एकाच दिवशी तीन खात्यांत चूक निघाली तर आम्ही तीन कारकुनांना धरत नाही, तिघांचा आकडा जिथून आला ते पान उघडतो. इथे ते पान म्हणजे वीज आणि तिची परतीची वाट.

मग मीटर. डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटाला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावले. इंजिन चालू, दिवे, वायपर, पंखा सगळे चालू. परतीची वाट चांगली असेल तर या दोन टोकांत फरक जवळपास शून्य, फार तर ०.२ व्होल्टपर्यंत दिसावा. मीटरने दाखवले ०.०८. माझा चेहरा पडला. भाचा म्हणाला, "थांबा. रोग येतो-जातो ना? मग त्याला यायला लावू." त्याने बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून केबल हलवली. आकडा उडाला. १.४, मग ३ च्या वर, पुन्हा ०.०८. त्याच क्षणी आतला गिअरचा आकडा लुकलुकला. दोन महिने चुकवणारा चोर डोळ्यांसमोर उभा होता!

इंजिन बंद करून त्याने आधी बॅटरीचे मायनस काढले, मग ट्रे उचलला. बॉडीचा बोल्ट गंजाने फुगलेला, आणि केबलच्या टोकातल्या तारा हिरव्या पडून अर्ध्याअधिक तुटलेल्या. उभ्या गाडीत उरलेल्या तारा काम भागवत, खड्ड्यात सुटत. दिवे-वायपर लागले आणि वर गिअरच्या पंपाने करंट मागितला की कॉम्प्युटरला व्होल्टेज पुरेना. गंज पॉलिश पेपरने घासला, केबलला नवे टोक ठोकले, बोल्ट नवा घातला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला. खर्च ३८० रुपये. पुन्हा मीटर लावून केबल हलवली, आकडा ०.०५ वरून हलला नाही.

तरी वही बंद केली नाही. येता-जाता रोग पाच दिवस आला नाही म्हणजे गेला असे होत नाही. सप्टेंबरअखेर, म्हणजे पाऊस संपेपर्यंत, नोंदी ठेवल्या. एकदाही गाडी अडली नाही. त्याआधीच, ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी, ताई पुन्हा गाडीत बसली होती. चालवायला भाचा.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यातली बरीच कुटुंबे आता जुन्या गाड्या घेतात. रोजी म्हणून टॅक्सीही चालवतात. म्हणून चार गोष्टी सांगतो. दोष येतो-जातो तेव्हा आधी वही घाला, मग खिशात हात घाला. कोड पुसण्यापूर्वी लिहून घ्या. बॅटरी काढून ठेवली तर बऱ्याच गाड्यांत तो पुरावाही जातो. वेगवेगळे दिवे एकाच वेळी लागत असतील तर महागडा पार्ट बदलण्यापूर्वी बॅटरीची टोके आणि अर्थ तपासून घ्या. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना घरी हात लावू नका, ते जाणकाराचे काम.

पाचवी गोष्ट माझ्यासाठी. दोष दिसत नसला की आपण माणूस शोधतो, आणि घरातला लहान माणूस सगळ्यात आधी हाती लागतो.

सप्टेंबरअखेर मी वही मिटताना भाच्याला म्हणालो, "पुढच्या वहीत 'चालक कोण' हा रकाना नको."

तो म्हणाला, "राहू द्या मामा. त्यानेच मला सोडवलं."