पंखा बंद केल्यावर

पुण्यातल्या घरात कॉम्प्युटर किती आवाज करतो हे उन्हाळ्यात कुणालाच कळत नाही. डोक्यावर पंखा गरगरत असतो, खिडक्या सताड उघड्या असतात, आणि कोपऱ्यावर वळणारी रिक्षासुद्धा दिवाणखान्यात ऐकू येते. दिवाळीच्या सुमारास हवा पालटते. रात्री गारवा उतरतो, कितीतरी महिन्यांनी पंखा बंद होतो, खिडक्या ओढून घेतल्या जातात, आणि मग टीव्हीशेजारच्या कॅबिनेटची घरघर साऱ्या खोलीत भरून राहते. २००८ साली आम्ही सिनेमे बघण्यासाठी म्हणून वेगळा कॉम्प्युटर बांधला, तो या घरघरीपायी.

तो काळ सीड्यांचा होता. मोझर बेअरने २००७ मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, आणि एरवी भाड्याने आणून दुसऱ्या दिवशी परत करायचे ते सिनेमे लोक विकत घेऊ लागले. आमच्या शोकेसमध्ये पुस्तकांच्या मागे सीड्यांची दुसरी रांग उभी राहिली. नवा एलसीडी टीव्ही आला होता. माझ्या मावसभावाच्या मनात आलं, की या सगळ्या सीड्या एका हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि रिमोट हातात घेऊन हवा तो सिनेमा लावावा. मुळात एक्सबॉक्ससाठी लिहिलेला एक्सबीएमसी हा प्रोग्रॅम त्याच सुमारास साध्या कॉम्प्युटरवरही चालू लागला होता. २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं, पण आमच्या घरात अजूनही कुणी कोडी म्हणत नाही. पोस्टरांची रांग पडद्यावर सरकू लागली की बाबा खुर्ची पुढे ओढायचे.

पहिला प्रयोग घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर केला. त्याचा प्रोसेसर शंभर वॉटच्या घरातला. त्याच्यावरचा लहानसा पंखा सिनेमा सुरू झाला की वेग घ्यायचा. पण घरघर म्हणजे नेमकं काय, हे आम्हाला आत्याने शिकवलं. आत्या आमच्याकडेच राहायची. आयुष्यभर तिने घरी गाणं शिकवलं. मध्यंतरापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, पंख्याचं सोड, तो नुसता वारा आहे. पण त्या खोक्यात एक सूर लागलाय. गाणं आलं की तो आडवा येतो.” तिने पेटी काढली, भाता हलवला, एकेक पट्टी दाबून पाहिली. काळी पाच दाबली, तर खोक्याचा सूर तिच्या जरा वर. पांढरी सात दाबली, तर जरा खाली. “कुठल्याच पट्टीत बसत नाही,” ती म्हणाली, आणि या गोष्टीचा तिला मनापासून त्रास होत होता.

मी कागद घेऊन बसलो. हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तेवढ्याच कंपनांचा तो सूर. पेटीच्या हिशेबात काळी पाच खर्जात साधारण ११६.५ आणि पांढरी सात १२३.५, १२० बरोबर दोघींच्या मधोमध येतो. आत्याच्या कानाने जे पकडलं ते आकड्यांत जसंच्या तसं उतरलं, तेव्हा मावसभाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. त्या रात्री ठरलं: खोलीत सिनेमाचाच आवाज राहील, दुसरा कुठलाही नाही.

पुढचे काही महिने आमचे शनिवार बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत वायर, कनेक्टर, फ्यूज, स्विच, जे मागाल ते मिळे, आणि दुकानदार वस्तू देण्याआधी ती कशाला हवी ते विचारून घेत. एकदा एका काकांनी आम्हाला तासभर स्टुलावर बसवून पंख्याची बेअरिंग उघडून दाखवली. मोठ्या सामानासाठी सकाळच्या गाडीने मुंबई गाठायची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. तिथल्या गिऱ्हाइकांना वेग हवा असे, मेमरी हवी असे, “कमी आवाजाचं काय आहे?” असं विचारलं की काउंटरवरचा मुलगा आत जाऊन शेठना घेऊन येई. शेठ मात्र जाणते निघाले. त्यांनी ४५ वॉटचा ॲथलॉन एक्स२ आणि ७८०जी चिपसेटचा मदरबोर्ड काढून दिला. एचडीएमआय बोर्डावरच होतं, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, आणि त्याचा चिमुकला किरकिरा पंखाही नको. “उष्णता कमी घ्या, आवाज आपोआप कमी होईल,” असं त्यांनी सांगितलं. पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

व्हीसीआरसारखी आडवी, देखणी कॅबिनेटं तेव्हा मिळत. आम्ही ती घेतली नाहीत, आणि आजही मला तो निर्णय पटतो. बुटक्या कॅबिनेटमध्ये पंखेही लहानच बसतात, आणि लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायला जास्त जोरात फिरावं लागतं. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट मोठं. तो संथ फिरूनही पुरेशी हवा ओढतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. हवा निम्मी होते खरी, पण ४५ वॉटला तेवढी पुरते. म्हणून साधं उभं टॉवर कॅबिनेट घेतलं आणि शोकेसच्या बाजूला उभं केलं. मागची पत्र्याची जाळी हवेला अडवत होती, वारा तिच्या कडांवर आपटून सूं-सूं करायचा. भवानी पेठेत पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिरांनी ती गोल कापून दिली आणि कडा कानस मारून गुळगुळीत केल्या. पुण्याची धूळ आत जाऊ नये म्हणून पुढच्या बाजूला आईने मच्छरदाणीचं कापड शिवून दिलं. दर महिन्याला धुऊन पुन्हा लावायचं.

प्रोसेसरवरचा हीटसिंक भारतात मिळेना. सायथ या जपानी कंपनीचा निंजा नावाचा मनोरा ओळखीच्या एकांनी सिंगापूरहून सामानातून आणला. वीतभर उंचीचा, पातळ पत्र्यांचा, मधून तांब्याच्या नळ्या गेलेल्या. त्या नळ्यांत थोडासा द्रव असतो. खालच्या गरम टोकाला त्याची वाफ होते, वरच्या थंड पत्र्यांत ती पुन्हा पाणावते आणि खाली परतते. कुठलाही पंप नाही, वीज नाही. पत्रे इतके दूरदूर लावलेले, की मागच्या एका संथ पंख्याच्या ओढीवरच प्रोसेसर थंड राहायचा. त्याच्या डोक्यावर वेगळा पंखा आम्ही कधी बसवलाच नाही.

उरलेल्या पंख्याला शांत करायची युक्ती तपकीर गल्लीतल्या त्या बेअरिंगवाल्या काकांनी दाखवली. एसएमपीएसमधून पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट येतात, लालमध्ये ५. पंखा पिवळी आणि काळी यांच्यात जोडला की पूर्ण वेगाने फिरतो. तोच पिवळी आणि लाल यांच्यात जोडला, तर त्याच्या वाट्याला फक्त ७ व्होल्ट येतात. ५ व्होल्टवर काही पंखे सुरूच होत नाहीत, ७ वर बहुतेक होतात. काकांनी कनेक्टरच्या पिना सुईने काढून जागा बदलून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आम्हाला त्यांच्याकडेच प्यावा लागला.

आता उरली हार्ड डिस्क, आत्याचा मुख्य शत्रू. वेस्टर्न डिजिटलने तेव्हा कमी वीज खाणाऱ्या, कमी वेगाच्या ग्रीन डिस्का काढल्या होत्या. आम्ही एक टेराबाइटची घेतली. मिनिटाला साधारण ५४०० फेरे, म्हणजे सूर १२० वरून ९० वर उतरला. तोही पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मध्येच कुठेतरी पडत होता, पण इतका खाली की टीव्हीच्या आवाजात दबून जाई. तरीही कॅबिनेटच्या बाजूवर तळहात ठेवला की थरथर लागायची. स्क्रूने घट्ट आवळलेली डिस्क सारा पत्रा आपल्याबरोबर वाजवते. मग आईच्या शिवणाच्या डब्यातून रुंद इलॅस्टिक काढलं, सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या खणात आडवंउभं ताणून बांधलं आणि डिस्क त्यात झोपवली. पत्र्याचा स्पर्श सुटल्यामुळे ती जरा जास्त तापते, म्हणून हवेचा झोत तिच्यावरून जाईल अशी जागा निवडली. आत्याने कॅबिनेटला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग पेटी बंद करून खोळ चढवली.

भाऊबीजेला सगळे जमले होते. फराळाची ताटं मांडीवर, पोरं सतरंजीवर, पंखा बंद. आम्ही ‘श्वास’ लावला. २००४ साली आलेला संदीप सावंतांचा हा सिनेमा आम्ही आधी थिएटरात पाहिलेला होता, पण आजोबा आणि नातू एकमेकांशी किती हलक्या आवाजात बोलतात हे त्या रात्री कळलं. दोन वाक्यांच्या मध्ये माणूस श्वास घेतो, तो श्वास ऐकू येत होता. आई मध्येच उठून स्वयंपाकघरातला फ्रीज बंद करून आली. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मला स्वतःला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे जुने सिनेमे. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. त्या ध्वनिपट्टीवर खरखर आहे, तडतड आहे, आणि आधीच्या घरघरीत ती आमच्या यंत्राच्या आवाजात मिसळून जाई. आता ती वेगळी ऐकू येऊ लागली आणि तिच्याबद्दल आपुलकीच वाटली. कारण बोलपटांच्या सुरुवातीला जगभरच्या स्टुडिओंची अडचण आमच्यासारखीच होती: कॅमेरा स्वतःच आवाज करायचा आणि माइक तो टिपायचा. आधी कॅमेरा माणसासकट बंद खोलीत कोंडला, मग त्याच्यासाठी आवाज शोषणाऱ्या पेट्या केल्या. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. लॉ कॉलेज रोडवर जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच तिचे स्टुडिओ होते. आमच्या घरापासून ती जागा सायकलच्या अंतरावर. तिथून जाताना मी अजूनही वेग कमी करतो.

आत्याची दुसरी तक्रार याच शांततेतून निघाली. एका व्हीसीडीवरचं गाणं ऐकताना ती म्हणाली, “ही पट्टी चढी आहे. बाई इतक्या वर गात नाहीत.” खरंच होतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चित्रित होतो, आणि पाल पद्धतीच्या सीडीवर तो बहुधा २५ने पळवलेला असतो. दोन तासांचा सिनेमा पावणेपाच मिनिटं आधी संपतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण सूर वर चढतो, कोमल आणि शुद्ध स्वरांतलं जे अंतर त्याच्या सत्तर टक्क्यांनी. रीक्लॉक नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम होता, तो सिनेमा पुन्हा २४वर आणून ठेवायचा आणि आवाजही त्याबरोबर खाली उतरायचा. तो बसवला त्या संध्याकाळी ‘जैत रे जैत’ लावला. हृदयनाथांचं संगीत, महानोरांचे शब्द. आत्या पहिल्या गाण्यापासून डोळे मिटून बसली आणि शेवटपर्यंत तिने हात मांडीवरून हलवला नाही, फक्त बोटांनी मात्रा मोजत होती. सिनेमा संपल्यावर म्हणाली, “आता बाई आपल्या जागेवर आल्या.”

पुढे जगच बदललं. पंखाच नसलेली तळहाताएवढी यंत्रं आली, रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला, मग टीव्हीच्या पाठीला अडकवायच्या कांड्या. त्या मुळातच शांत असतात आणि मी त्या आनंदाने वापरतो. पण कुठल्या आवाजाचा उगम कुठे आहे, कुठला वाऱ्याचा, कुठला बेअरिंगचा, कुठला पत्र्याचा, हे कानाने वेगळं करायला मला त्या टॉवरने शिकवलं, आणि ते शिकताना घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी हातात घेऊन शेजारी उभं होतं.

त्या कॉम्प्युटरला नंतर आणखी एक काम मिळालं. आत्याच्या शिष्या लग्न होऊन दूर गेल्या, दोघी-तिघी अमेरिकेत. त्यांना बंदिशी हव्या असत. यंत्राचा आवाज माइकमध्ये येत नाही म्हटल्यावर आत्याने त्याच्याच शेजारी बसून एकेक बंदिश म्हणून ठेवली: आधी नुसते बोल, मग ठाय लयीत अस्थायी, मग अंतरा, मध्ये थांबून “इथे घाई करू नकोस गं” अशी सूचना. ती गेल्यावर मी त्या सगळ्या फाइली नीट नावं देऊन लावून ठेवल्या. मागच्याच आठवड्यात न्यू जर्सीहून एकीचा फोन आला होता. तिची मुलगी आता गाणं शिकू लागली आहे आणि तिला यमनपासून सुरुवात करायची आहे. यमनच्या सगळ्या फाइली मी त्याच रात्री पाठवल्या.