तिथी पाहून दिलेलं पुस्तक

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीनं पुस्तकांची नावं लिहिलेली असतात. ज्या दिवसाच्या चौकोनात जे नाव, ते पुस्तक त्या दिवशी कपाटातून निघतं आणि कुणाच्या तरी घरी वस्तीला जातं. जयंतीला फोटोला हार घालायचा, मनापासून नमस्कार करायचा आणि त्या माणसाचं पुस्तक मात्र काचेआड तसंच ठेवायचं, हे मला फार वर्षं खुपत होतं. मोठ्या माणसाची आठवण काढायची तर त्याचं म्हणणं कुणीतरी वाचायला हवं, आणि आपण वाचून झालं असेल तर शेजारच्यानं.

याचं मूळ माझ्या माहेरी, घोडेगावात आहे. खंडेनवमीला आजोबा पाटावर पोथ्या, शाळेची पुस्तकं, हिशेबाच्या वह्या मांडायचे. पूजेत बसलेल्या पुस्तकाला हात लावायचा नाही, त्या दिवशी वाचायचं नाही, असा दंडक होता. आम्हा मुलांना त्यात सुट्टीचाच आनंद. जुन्नरला सासरी आल्यावर मी ती पूजा चालू ठेवली, फक्त पुढची पायरी बदलली. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की ती पुस्तकं कपाटात परतत नाहीत. आपट्याच्या पानांबरोबर ती शेजारीपाजारी जातात. सीमोल्लंघन माणसांनी करायचं, तसं पुस्तकांनीही करावं.

एखाद्या निमित्तानं हातात दिलेलं पुस्तक कुठवर जातं, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण माझ्या मनात कायम असतं. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या कौतुकाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. परीक्षा पास झालेल्या मुलाला गुरुजनांनी पुस्तक द्यावं, इतकी साधी गोष्ट. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. मधल्या एकोणपन्नास वर्षांत केवढा अभ्यास, केवढा संघर्ष आहे. सगळं श्रेय एका भेटीला देणं अन्यायाचं होईल. पण सुरुवातीच्या काळात ते पुस्तक त्या मुलाच्या हाती होतं, हे खरं आहे. १४ एप्रिलला कुणाला पुस्तक देताना मला केळूसकर आठवतातच.

आणि जुन्नरात राहून दानाचा विचार टाळता येत नाही. गावाभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्रीला, मानमोडीला, शिवनेरीच्या अंगावर, बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या ब्राह्मी लेखांत कुणी काय दिलं ते लिहिलंय. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. वेळूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचीही नावं येतात. वर नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञ आणि गाई, घोडे, हत्ती, नाण्यांची मोठी यादी आहे. राणीचं वैभव राणीला शोभतं. मला जवळचा वाटतो तो इरिल. वाटेनं येणाऱ्या अनोळखी माणसाची तहान त्यानं ओळखली. पुस्तकांचं कपाट म्हणजे तसंच टाकं: उपसा राहिला तर पाणी जिवंत.

फाल्गुन वद्यात आमच्याकडे दोन दिवस लागोपाठ येतात. द्वितीयेला तुकारामबीज, तृतीयेला तिथीची शिवजयंती. १९ फेब्रुवारीला शिवनेरी गर्दीनं फुलून गेलेली असते, पुन्हा तिथीला माणसं येतात. शिवजयंतीच्या या दोन्ही दिवशी मी गोविंद पानसऱ्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ देते. छोटं पुस्तक आहे, गड चढणाऱ्या पोराच्या खिशातही मावतं. त्याच्या बऱ्याच प्रती आणून ठेवते. ते परत मागत नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्या दिवसांत विठाबाई नारायणगावकरांवरचं योगिराज बागुलांचं पुस्तक बाहेर पडतं. ते एकदा गेलं की आळीभर फिरतं. ज्यांनी बाईंना बोर्डावर पाहिलंय ते म्हातारे चष्मा शोधत बसतात, आणि वाचून घ्यायला नातवंडांना हाका मारतात.

पण माझा सगळ्यात जीव आहे तो ९ ऑगस्टवर, आदिवासी दिनावर. निमगिरी हे आमच्या तालुक्याच्या पश्चिमेचं गाव. तिथले डॉ. गोविंद गारे शिकले, पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि त्यांनी आपल्या माणसांवर ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हे पुस्तक लिहिलं. एका वर्षी ते मी वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलीला दिलं. सुट्टीत तिनं ते वाडीवर नेलं आणि हिरडा फोडत बसलेल्या आज्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. आज्यानं मान डोलावत ऐकलं आणि मध्येच तिला थांबवलं, “आमच्याकडं असं न्हाई करत, ल्ही.” तिनं चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या त्या पानात ठेवल्या. पुस्तक परत देताना ती कानकोंडी होऊन म्हणाली, “काकू, काढून टाकू का?” मी तिला हात लावू दिला नाही. आता ते पुस्तक ज्याच्याकडे जातं त्याच्याकडे आज्याच्या चिठ्ठ्यांसकट जातं, आणि वाचून आलेली माणसं आधी चिठ्ठ्यांबद्दल बोलतात. गारे सरांना हे आवडलं असतं असा माझा विश्वास आहे.

एका तारखेपाशी मात्र कपाट अपुरं पडतं. ३० जुलै २०१४ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी कुणाच्या हातात कोणतं पुस्तक ठेवावं? ज्याच्या नावानं तालुका ओळखला जातो ते आंबेगावही डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी उतरलं की उन्हाळ्यात जुन्या खुणा वर येतात, आणि त्या गावाचा दिवस म्हणून कुठल्याच कॅलेंडरात चौकोन नाही.

म्हणून माळीणच्याच दिवशी, ३० जुलैला, मी एक वही देते; पहिल्यांदा दिली तेव्हा ती कोरी होती. बुडालेल्या आंबेगावातून उठलेल्या घरांपैकी एखाद्या घरी ती जाते. तिच्यात शेतांची नावं आली आहेत, देवळापुढच्या पाराची जागा आली आहे, कुणाच्या दारात कुठलं झाड होतं ते आलंय. अक्षरं वेगवेगळी, शाईही वेगळी. एकानं दुसऱ्याचं खोडून बाजूला बरोबर काय ते लिहिलंय. येत्या वर्षी वही मंचरला एका आजींकडे जायची आहे. त्यांना लिहिता येत नाही. त्या सांगतील, सून लिहून घेईल, असं फोनवर ठरलंय.