रंगाच्या बादलीतले गांडूळखत





घरच्या गांडूळखतासाठी बाजारातला तयार डबा घेण्याची गरज नसते. रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या आणि एक झाकण एवढ्यावर भागते. बादल्या घासून, धुऊन उन्हात वाळवाव्या लागतात. वरच्या बादलीच्या तळाला तापवलेल्या सळईने १५-२० भोके पाडतात आणि काठाखाली चहूबाजूंनी हवेसाठी बारीक भोकांची ओळ. खालच्या बादलीत विटेचे तुकडे ठेवून त्यांवर ही बादली बसवली की मधल्या जागेत पाझर साठतो.

खरा खर्च गांडुळांचा, आणि निवड चुकते तीही इथेच. पावसाळ्यात अंगणात दिसणारी बहुतेक गांडुळे माती खाऊन बिळांत राहणारी असतात. बादलीत ती तग धरत नाहीत. हवी ती कुजत्या पालापाचोळ्यात, वरच्या थरात राहणारी जात. तांबडी, पट्टेदार आयसेनिया फेटिडा आणि मूळची आफ्रिकेतली, आकाराने मोठी युड्रिलस युजेनी या दोन जाती आपल्याकडे जास्त वापरात आहेत. कृषी विज्ञान केंद्रात किंवा गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे चौकशी करावी. सुरुवातीला पाव किलो पुरतात.

तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्या, वाळका पाला, मूठभर माती आणि जुने शेणखत असे अर्धी बादली भरेल इतके अंथरूण करतात. ताजे शेण कुजताना तापते आणि गांडुळे मरतात, म्हणून ते टाळावे. माती मात्र हवीच. गांडुळाला दात नसतात. मातीतली बारीक रेती त्याच्या पेषणीत अन्न दळायला लागते.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओल. गांडुळाला फुप्फुसे नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेते. अंथरूण सुकले तर ते मरते आणि पाणी तुंबले तरी हवेवाचून मरते. मूठभर अंथरूण घट्ट पिळून पाहावे: एखाद-दुसरा थेंब आला की ओल बरोबर, धार लागली तर कोरडा कागद मिसळावा. पहिले दोन दिवस अन्न न देता डब्याजवळ दिवा चालू ठेवला तर गांडुळे पळून न जाता उजेड टाळायला खाली शिरतात.

खायला भाज्यांची देठे, केळीची साले, कलिंगडाच्या साली, गाळलेली बिनसाखरेची चहापत्ती, अंड्याच्या टरफलांची पूड. सगळे बारीक चिरून अंथरुणाखाली पुरावे. उघडे राहिले की चिलटे होतात. लिंबाची साले, कांदा-लसूण, मीठ-तेलाचे उरलेसुरले, दूध आणि मांस नको. पाव किलो गांडुळे दिवसाला साधारण १०० ग्रॅम खातात, तेही रुळल्यानंतर. सुरुवातीला मूठभरच द्यावे आणि आधीचे संपल्याशिवाय पुढचे घालू नये. डब्याला वास येतो तो बहुधा जास्तीच्या अन्नाचा. चांगल्या डब्याला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास असतो. मुंग्या लागल्या तर बादल्या पाण्याच्या परातीत विटांवर ठेवाव्यात.

१५ ते ३० अंश तापमान या जातींना मानवते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेला डबा वाचत नाही. तो न्हाणीघरात किंवा जिन्याखाली, वर ओले गोणपाट टाकून ठेवावा.

दोन-तीन महिन्यांत कचरा काळ्या, रवाळ, चहाच्या पुडीसारख्या खतात बदलतो. ते कागदावर उन्हाच्या आडोशाला, पण उजेडात, ढीग करून ठेवतात. गांडुळे तळाशी जातात, वरचे खत थराथराने काढून घेता येते. काढताना नीट पाहावे: लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळट-तांबूस दाणे दिसतात. ते कोष असून प्रत्येकातून बहुधा दोन-तीन पिल्ले निघतात, म्हणून ते दाणे गांडुळांसह नव्या अंथरुणात परत टाकावेत.

खालच्या बादलीतला पाझराला दुर्गंधी नसेल तर तो दहापट पाण्यात मिसळून झाडांना घालता येतो. वास मारत असेल तर फेकून द्यावा. खत मात्र महिन्यातून एकदा कुंडीला मूठभर पुरे, त्याहून जास्त लागत नाही.