गुंडावरचं नाव

वाशिमहून रिसोडच्या एसटीत बसून रिठदला दुसऱ्यांदा उतरले, तेव्हा फाईलमध्ये दोन भावंडं होती आणि नातेवाइकांच्या रकान्यात 'निरंक'. ते निरंक माझ्याच अक्षरातलं. पहिल्या खेपेला दोघा चुलत्यांच्या दारात उभं राहून थेट विचारलं होतं, "पोरं ठेवता का?" अशा प्रश्नावर माणूस आधी खिसा चाचपतो. दोन्ही दारं बंद झाली.

आमचे कागद बापाच्या नावाने चालतात. रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला, सगळीकडे तेच आडनाव. बाई नांदायला आली की तिचं माहेर कागदावर उरत नाही. भांड्यांवर मात्र उरतं.

शेजारच्या काकूंनी पोरांच्या बंद घराचं कुलूप काढलं. फळीवर स्टीलचा गुंड होता. दाराच्या उजेडात तिरपा धरला. राखेने घासून झिजलेली, टिपक्याटिपक्यांची अक्षरं: अमुक यांजकडून, खाली सेनगाव तालुक्यातलं गाव.

"मामा हाये नं मॅडम," काकू म्हणाल्या. "पन इचारलं कोनं?"

तिथल्या पोलीस पाटलांकडून नंबर मिळाला. मामा ऊसतोडीला गेलेला. या वेळी 'ठेवता का' हा शब्द तोंडातून काढला नाही. बहीण लहानपणी कशी होती, एवढंच विचारलं. वीस मिनिटं तो बोलला. मग थांबून म्हणाला, "पोरं हायेत कुठं?"

पुढचं कागदाचं काम. नात्यातलाही प्रत्येक जण भला नसतो, म्हणून गृहचौकशी हवीच. आणि सेनगाव हिंगोलीत, म्हणजे अहवाल तिकडून येणार, मग वाशिमची बाल कल्याण समिती बघणार. २०१५चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. व्यवहारात बालगृह जवळ पडतं आणि मामा लांब. बालसंगोपन योजनेचे मुलामागे महिना २,२५० रुपये मी शेवटी सांगते. आधी सांगितले की बोलणं त्यांच्याभोवतीच फिरत राहतं.

मामाला वर्षातले सहा महिने फडात काढावे लागतात, तो पोरं ठेवू शकत नव्हता. त्याची आई, म्हणजे पोरांची आजी, तयार झाली. शाळेची वह्या-पुस्तकं आणि दिवाळीचे कपडे मामाने आपल्याकडे घेतले. तेही मी माझ्या अहवालात लिहिलं, त्याला रकाना नव्हता तरी.

अंगठा उठवून झाल्यावर बोट पदराला पुसत आजीने विचारलं, "तो गुंड हाय का थितं अजून?"

त्याच आठवड्यात मी रिठदला तिसऱ्यांदा उतरले. येताना एसटीत तो मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही.