चाकणचे विसरलेले नाव

नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी मागे टाकत इंद्रायणी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने दिसू लागतात. गेल्या रविवारी आम्ही घरचे सगळे चाकणला गेलो, ते मात्र भुईकोट किल्ला पाहायला. संग्रामदुर्गाचे आता थोडेच उरले आहे: पडके बुरूज, तटाचे तुकडे, खंदकाची खूण.

१६६० मध्ये शाइस्ताखानाने या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि ऑगस्टमध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यांनी त्याचे नाव ठेवले, इस्लामाबाद.

हे ऐकताच धाकट्याने विचारले, "अब्बा, म्हणजे हे गाव आपलं होतं?"

प्रश्न साधा नव्हता. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव बदलले, तेव्हापासून गावांच्या नावांचा विषय निघाला की आमच्या घरातही आवाज चढतात. म्हणून आम्ही त्याला शब्दापासून सांगायला सुरुवात केली.

फारसीत 'आबाद' म्हणजे वस्ती असलेले, नांदते. पुष्कळ जण त्यात 'आब' म्हणजे पाणी शोधतात. पण भाषेचे जाणकार तो शब्द 'राखणे' या अर्थाच्या जुन्या इराणी धातूपर्यंत नेतात. संस्कृतातला 'पा' हा त्याचाच भाऊ. 'नृप' आणि 'गोप' त्यातूनच आले. म्हणजे राखलेली, जपलेली जागा ती आबाद.

जिंकणाऱ्याने दिलेले इस्लामाबाद हे नाव टिकले नाही. औरंगजेबाने १७०३ मध्ये पुण्याला दिलेले मुहियाबादही टिकले नाही. लोकांच्या तोंडी चाकण ते चाकणच राहिले. मात्र फारसीच्या वाटेने मराठीत आलेले जिल्हा, तालुका, मौजे, कसबा हे शब्द राहिले, कारण त्यांच्याशी लोकांचे रोजचे काम होते.

"बेटा," आम्ही म्हणालो, "पाटीवर नाव कुणाचंही असो, गाव त्याचं, जो ते नांदतं ठेवतो."

अस्रची नमाज अदा करून निघालो, तेव्हा पाळी सुटली होती. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, कुठकुठची माणसे डबे घेऊन बसची वाट पाहत होती. धाकटा खिडकीतून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चाकण आबाद करणारे हेच ना?"

"हो. आणि रात्रपाळी करून घरी झोपलेला तुझा भाईजानसुद्धा."