चार तोळे पोलाद

छंदांमध्येही उच्चनीच असतं. आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींत इंजिनवाला सर्वांत कुलीन. त्याच्या खालोखाल प्रवासी डबेवाला. मालडब्यांचा नंबर अगदी शेवटी, आणि त्यांतही पोलाद वाहणारा ब्रिटिश डबा म्हणजे पंगतीच्या टोकाला बसलेला गरीब पाहुणा. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही. चाकांवर एक लांबलचक सांगाडा, त्यावर आडव्या तुळया, कडेला उभे खुंट, झालं! असल्या डब्याचं किट पैसे मोजून विकत आणणारा आणि ते रात्ररात्र जोडत बसणारा माणूस जगात असेल, असं मला खरं वाटलं नसतं. पण माझ्या थोरल्या बहिणीनं नेमका असाच माणूस नवरा म्हणून पसंत केला आहे.

भाऊजी साउथ वेल्समधल्या एका पोलाद कारखान्यात होते. तिथं तयार माल रवाना करणाऱ्या खात्यात त्यांनी तीसेक वर्षं काढली आणि वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले. गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग चाकू, कानस, चिमटा आणि प्लॅस्टिकच्या चौकटी यांनी व्यापला होता. उरलेल्या अर्ध्या भागावर आम्ही जेवायचो.

किटमधले तुकडे चौकटीतून कापून, घासून, एका पातळ द्रावणानं जोडायचे. ते द्रावण प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन तुकड्यांचा एकच तुकडा करतं. मग सांगाडा काचेवर ठेवून सगळी चाकं टेकतात ना, ते पाहायचं. सगळं सुबक झालं, की रंगावर गंज आणि काजळी चढवायची! "नव्या वस्तूला हौसेनं गंज लावणारं हे एवढंच घर," असं अक्का म्हणते.

डब्याच्या कडेला 'बीडीए' अशी तीन अक्षरं होती. भाऊजींनी उकल केली: पहिल्या अक्षरावरून हा बोगींवर चालणारा पोलादवाहू डबा हे कळतं, मधलं त्याची पोटजात सांगतं आणि शेवटचं 'ए' म्हणजे हवेच्या दाबाचा ब्रेक. प्रकृती आणि प्रत्यय! मराठीच्या मास्तराला एवढं पुरे झालं. मी खुर्ची पुढं ओढली.

ब्रिटनमधलं या छंदाचं रूढ माप 'डबल-ओ'. खऱ्या डब्याच्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे 52 फुटी डबा जेमतेम वीतभर. फूट आणि मिलिमीटर यांचा असा संसार थाटल्यावर तडजोड आलीच. खरे रूळ 4 फूट 8½ इंच अंतरावर असतात. या मापानं ते 18.83 मिलिमीटर यायला हवेत, पण असतात 16.5. ब्रिटिश इंजिनं मुळात अंगानं लहान. युरोपच्या साडेतीन मिलिमीटरच्या मापात त्यांच्या पोटात यंत्र मावेना, म्हणून गाडी मोठी केली आणि रूळ तसेच ठेवले. सात इंच चक्क गायब! "संसारात तेवढे सोडून द्यावे लागतात," भाऊजी अक्काकडे न पाहता म्हणाले.

पण खरी गंमत वजनाची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सुमारे 76 पटींनी आटतात. त्यामुळं वजन जवळजवळ 4 लाख 42 हजार पटींनी उतरतं. पोलादी पत्र्याची अजस्र गुंडाळी, म्हणजे कॉइल, 20 टनांची असली, तर टेबलावर तिचं वजन 45 ग्रॅम भरायला हवं. चार तोळ्यांनाही थोडं कमी! पोलाद तोळ्यावर मोजलेलं मी प्रथमच पाहिलं. आणि वजन हवंच, कारण प्लॅस्टिकचा हलका डबा सांध्यावर आला की घसरतो.

कॉइल मात्र भाऊजी स्वतः करतात. कागदाची पट्टी घट्ट गुंडाळायची, पोटात शिसं भरायचं आणि निळसर करडा रंग द्यायचा. गरम लाटलेली कॉइल उघड्यावर जाते. थंड लाटलेली पाण्यानं डागळते, म्हणून तिच्या डब्याला झाकण. हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. टेबलावरचा माणूस जाऊन फलाटावरचा माणूस बोलू लागतो.

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचा कारखाना 2007 साली मुंबईच्या टाटा स्टीलकडे आला. तिथली शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी विझली. बाहेरून आणलेल्या लाद्या लाटण्याचं काम पुढंही चालू राहिलं. पण खनिजापासून पोलाद करणं थांबलं. त्या रात्री भाऊजी काही बोलले नाहीत, असं अक्का सांगते. उशिरापर्यंत कॉइल गुंडाळत बसले होते.

नामांकित इंजिनांसाठी यॉर्कला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. पण कुठला डबा किती वाजता, काय घेऊन सुटला, हे ज्यांनी रोज पाहिलं, त्यांच्या कामाचं संग्रहालय कुठं असणार? ते अशा अर्ध्या टेबलावरच उभं राहतं.

भाऊजींची एक सवय मी पाहून ठेवली. गाडी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पोचली, की ते एकेक कॉइल चिमट्यानं उचलून खाली ठेवतात आणि डबे रिकामे परत आणतात. मी विचारलं, "भरलेले डबेच जास्त छान दिसतात की! रिकामे कशाला फिरवता?"

"अहो, डबा रिकामा परत आला, म्हणजेच माल पोचला," ते म्हणाले.

जून महिन्यात कॉलेज उघडलं. नव्या वर्गाचं हजेरीपत्रक उघडताना गेल्या वर्षीची, बाहेर पडलेली नावं मला आठवली. एरवी त्या दिवशी वर्ग उगीचच ओका ओका वाटतो. यंदा तसा वाटला नाही.