फाटका स्वर

पुढचे दात हलू लागल्यापासून माझ्या टेनर सॅक्सोफोनचा वरचा स्वर मधूनच फाटतो. आणि अमेरिकेतील गुलामगिरीवर वाद्यवृंदासाठी जी रचना मी सध्या लिहीत आहे, तीत मला नेमका फाटलेलाच स्वर हवा असावा, ह्याला दैवाची कृपा म्हणावे की थट्टा, ह्याचा निर्णय मला करता आलेला नाही. (दादरच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की गुलामांच्या गाण्यांतून आलेल्या जॅझवरच माझे घर चालले.)

स्वर हवा आहे, पण लिहिता येत नाही. १८६७ साली ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हा संग्रह छापणाऱ्या तिघा संपादकांनीही प्रस्तावनेत कबुली दिली आहे, की ती गाणी गाणाऱ्यांच्या कंठांतले सारे स्वरलिपीत बसत नाही. मी चिन्ह घातले की वादक स्वर सफाईने फाडतो, आणि वेदनेचा अलंकार होतो. माझ्या शिष्याने तर तालमीच्या ध्वनिमुद्रणावरून माझा घसरलेला स्वर जसाच्या तसा उतरवला, व तो इतका निर्दोष वाजवला की मला संताप आला. त्या संतापात मत्सर किती होता, हे चाणाक्षांस सांगणे नलगे.

ड्रमवादक मॅक्स रोचच्या १९६० सालच्या ‘फ्रीडम नाऊ स्वीट’मधील ‘ड्रायव्हा मॅन’ पाच मात्रांचे आहे. पहिल्या मात्रेवर मुकादमाच्या चाबकासारखा आघात पडतो. त्यात कोलमन हॉकिन्सचा टेनर सॅक्सोफोन एकदा चिरकला, तेव्हा ती जागा दुरुस्त करू नका, असे खुद्द त्यानेच बजावले. याउलट विंटन मार्सालिसची ह्याच विषयावरची ‘ब्लड ऑन द फील्ड्स’, जिच्यामुळे १९९७ साली जॅझला पहिले पुलित्झर पारितोषिक मिळाले, ती मला कडक इस्त्रीच्या अंगरख्यासारखी वाटते. मला कोणी पारितोषिक दिले असते, तर हे मत बरेच सौम्य झाले असते.

जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनची तजवीज निराळी. १९४३ साली कार्नेगी हॉलमध्ये सादर झालेल्या ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’मधील श्रमगीतात त्याने चिन्हावर नव्हे, माणसावर भिस्त ठेवली: ट्रिकी सॅम नँटनच्या ट्राँबोनचा तो माणसासारखा कण्हणारा आवाज. नँटन १९४६ साली वारला, आणि कागद तेवढा उरला.

मीही आता त्या जागी स्वर लिहीत नाही, वादकाचे नाव लिहितो. ते नाव अर्थातच माझे आहे. शिष्याचे ओठ अजून कोवळे आहेत, ही सबब. म्हातारपणाने फाटलेला स्वर श्रोत्यांनी हेतुपुरस्सर मानावा, ही खरी हाव. परंतु ती मात्रा जवळ आली आणि मी सावध उभा राहिलो, की स्वर हटकून अगदी सुरेल लागतो.